गाण्यांची देवघेव आणि ध्वनिमुद्रण कंपन्या

आवडलेले गाणे दुसऱ्याला ऐकवावे, ही माणसाची स्वाभाविक इच्छा आहे. पूर्वी ज्याच्या घरी ग्रामोफोन असे, त्याच्या ओसरीवर आळीतील मंडळी तबकड्या ऐकायला जमत. पुढे कॅसेट आली, तेव्हा मित्राकडची कॅसेट एका रात्रीपुरती मागून आणायची आणि ती आपल्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, ही घरोघरची गोष्ट झाली. तुम्हीही मित्राच्या मोबाइलमधील गाणे आपल्या मोबाइलमध्ये कधी ना कधी घेतले असेल. त्या वेळी आपण कोणाच्या हक्काला हात लावीत आहोत, असे तुमच्या मनात आले होते का? बहुधा नसावे. परंतु याच साध्या देवघेवीपायी अमेरिकेत इ. स. २००३ ते २००८ या काळात हजारो सामान्य माणसांवर दावे दाखल झाले आणि एक बलाढ्य उद्योग पंधरा वर्षांत निम्म्यावर आला. हे कसे घडले, कंपन्यांनी त्याला कोणकोणत्या मार्गांनी तोंड दिले आणि त्यांपैकी कोणता मार्ग लागू पडला, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण दुकानातून गाण्यांची तबकडी विकत घेतो, तेव्हा ती तबकडी आपली होते; गाणे आपले होत नाही. त्या गाण्याच्या प्रती काढण्याचा आणि त्या विकण्याचा अधिकार कायद्याने दुसऱ्या कोणाकडे ठेवलेला असतो. यालाच कॉपीराइट किंवा स्वामित्वहक्क म्हणतात. गाण्यामागे गीतकार, संगीतकार, गायक, वादक, ध्वनिमुद्रक अशा अनेकांचे श्रम असतात. त्या श्रमांचे मोल त्यांना मिळावे, म्हणजे ते पुढचे गाणे करू शकतील, हा या हक्कामागील हेतू आहे. हेतू चांगलाच आहे. मात्र प्रत्यक्षात हा हक्क पुष्कळदा कलावंताकडे राहत नाही. करारावर सही होताच तो कंपनीकडे जातो. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता या कथेचे मूळ पाहू. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ म्हणजे सीडी बाजारात आणली. तिच्यावर ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहून ठेवायचे, अशी ती पद्धत आहे. ग्रामोफोनची तबकडी वापराने झिजते, कॅसेटची प्रत मूळ कॅसेटपेक्षा थोडी तरी खरखरीत निघते आणि प्रतीची प्रत तर आणखीच वाईट. आकड्यांचे तसे नाही. आकडे जसेच्या तसे उतरवले की शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते. हा मोठा गुण होता. परंतु आपण ग्राहकाच्या हाती प्रत्यक्ष मूळ प्रतच देत आहोत, हे त्या वेळी कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. सीडीवर कोणतेही कुलूप ठेवलेले नव्हते, कारण ती वाचू शकणारे संगणक पुढे घरोघर येतील, ही कल्पनाच तेव्हा दूरची होती.

तरीही काही वर्षे उद्योग निश्चिंत राहू शकला, याचे कारण आकड्यांचा ढीग फार मोठा होता. सीडीवरील एका मिनिटाच्या संगीताला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. १९९०च्या दशकात घरातील टेलिफोनच्या तारेवरून चार मिनिटांचे एक गाणे पाठवायचे म्हटले, तर दीड-दोन तास लागले असते. ही अडचण जर्मनीतील एर्लांगन येथील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी दूर केली. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यांतील एक प्रमुख संशोधक. मिरवणुकीत ताशा कडाडत असताना शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या बांगड्यांची किणकिण आपल्याला ऐकू येत नाही. ती होत असते, पण मोठा आवाज तिला झाकून टाकतो. जे कानाला ऐकूच येत नाही ते साठवायचे कशाला, या विचारातून त्यांनी ध्वनीचा संकोच करण्याची पद्धत तयार केली. तिला आपण ‘एमपी३’ या नावाने ओळखतो. फाइलच्या शेवटी जोडायचे हे नाव जुलै १९९५ मध्ये ठरले. या पद्धतीने गाणे मूळ आकाराच्या सुमारे अकराव्या हिश्शात बसू लागले. दीड-दोन तासांचे काम दहा-बारा मिनिटांवर आले.

उरला होता तो एकच प्रश्न. हवे असलेले गाणे जगात नेमके कोणाच्या संगणकावर आहे, हे कळायचे कसे? त्याचे उत्तर बोस्टन शहरातील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या तरुणाने दिले. जून १९९९ मध्ये त्याची ‘नॅप्स्टर’ ही सेवा सुरू झाली. नॅप्स्टरच्या संगणकांवर गाणी नव्हती. तेथे केवळ यादी होती. गावात कोणाच्या घरी कोणते पुस्तक आहे याची एक वही ग्रंथपालाने ठेवावी, पुस्तके ज्याच्या त्याच्या घरी असावीत आणि वाचकाने वही पाहून थेट त्या घरी जावे, असा तो प्रकार होता. फरक एवढाच, की पुस्तक उसने दिले म्हणजे आपले कपाट रिकामे होते. गाण्याची फाइल दिली तरी ती आपल्याकडे राहतेच.

नॅप्स्टर पाहता पाहता कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचले. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची संगणकजाळी गाण्यांच्या वाहतुकीने तुंबून गेली आणि काहींना ती सेवा बंद करावी लागली. लोक तिकडे वळले ते केवळ फुकट मिळते म्हणून, असे समजणे मात्र एकांगी होईल. दुकानांतून नाहीशा झालेल्या जुन्या तबकड्यांतील गाणी तेथे सापडत. शिवाय, बारा-पंधरा गाण्यांच्या सीडीतील एकच गाणे हवे असले तरी सबंध सीडी घ्यावी लागे, तीही पंधरा-सतरा डॉलर मोजून. त्या किमतीबद्दल ग्राहकांचा संशय अगदीच निराधार नव्हता. सीडीच्या जाहिरातीतील किंमत ठरावीक पातळीखाली येऊ नये, यासाठी पाच मोठ्या कंपन्यांनी दुकानदारांवर बंधने घातल्याचे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मे २००० मध्ये जाहीर केले. त्यामुळे ग्राहकांना सुमारे तीन वर्षांत ४८ कोटी डॉलरपर्यंत अधिक मोजावे लागले असावेत, असा त्या आयोगाचा अंदाज होता. आपली फसवणूक झाली आहे असे ज्याला वाटते, तो नीतीचे पाठ ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. कंपन्यांची बाजू न्यायाची असूनही लोकांची सहानुभूती त्यांना मिळाली नाही, याचे एक कारण येथे आहे.

कंपन्यांचे पहिले पाऊल न्यायालयाकडे वळले. ‘रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही त्यांची संघटना. तिच्या सभासद कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे नॅप्स्टर अवघे सहा महिन्यांचे असताना, त्यावर दावा दाखल केला. एप्रिल २००० मध्ये ‘मेटॅलिका’ या प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदानेही दावा केला. पुढच्याच महिन्यात त्यांचा तालवादक लार्स उलरिख तीन लाखांहून अधिक नॅप्स्टर-वापरकर्त्यांच्या नावांची यादी घेऊन नॅप्स्टरच्या कार्यालयात गेला आणि या सर्वांना सेवेतून काढून टाकावे, अशी त्याने मागणी केली. ती नावे त्याच्याच श्रोत्यांची होती! उलरिखचे म्हणणे तर्काने चुकीचे नव्हते. त्याचे एक अप्रकाशित गाणे, ते पुरे होण्यापूर्वीच, लोकांच्या हाती गेले होते. तरीही श्रोत्यांच्या मनात श्रीमंत कलावंताची जी प्रतिमा उमटली, ती पुसायला त्याला पुढे अनेक वर्षे लागली.

नॅप्स्टरने बचावासाठी १९८४ सालच्या एका निकालाचा आधार घेतला. त्या खटल्यात चित्रपट कंपन्यांनी घरगुती व्हिडिओ-यंत्रावर आक्षेप घेतला होता. ज्या यंत्राचे कायदेशीर उपयोगही पुष्कळ आहेत, ते विकणाऱ्याला ग्राहकाच्या अपराधाबद्दल जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. त्या खटल्यात यंत्र विकणारी प्रतिवादी कंपनी सोनी होती. नॅप्स्टरच्या खटल्यात हीच सोनी वादींच्या बाकावर बसली होती. यंत्रे विकणाऱ्याचे आणि गाणी विकणाऱ्याचे हित एकाच छपराखाली नांदत असले, म्हणजे असे घडते.

हा बचाव टिकला नाही. नॅप्स्टर यंत्र विकून मोकळे होत नव्हते. यादी त्याच्याच ताब्यात होती आणि यादीत काय आहे हे त्याला ठाऊक होते. जुलै २००० मध्ये न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी मनाईहुकूम दिला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला आणि जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडले. त्याआधी नॅप्स्टरने कंपन्यांपुढे पाच वर्षांत एक अब्ज डॉलर देण्याचा तडजोडीचा प्रस्ताव ठेवला होता. कंपन्यांनी तो फेटाळला. माझ्या मते, त्यांची मोठी चूक येथे झाली. कोट्यवधी श्रोते एका ठिकाणी जमलेले होते, त्यांच्याकडून वर्गणी घेता आली असती आणि यादी कोणाच्या हाती आहे हेही माहीत होते. अशी परिस्थिती पुन्हा यायला दहा वर्षे जावी लागली.

नॅप्स्टरच्या पराभवातून इतर आज्ञावलीकारांनी धडा घेतला, तो मात्र कंपन्यांना नको असलेला. यादी एका ठिकाणी ठेवल्यामुळे नॅप्स्टर सापडले; मग यादीच नको. ‘नुटेला’, ‘काझा’, ‘ग्रोक्स्टर’, ‘लाइमवायर’ अशा नव्या व्यवस्थांत प्रत्येक संगणक शेजारच्या संगणकांना विचारी आणि ते आणखी पुढच्यांना. गावभर तोंडी विचारपूस करून पुस्तक शोधावे, तसे. येथे बंद करायला ग्रंथपालच नव्हता. काझाचे मूळ आज्ञावलीकार एस्टोनियातील होते, पुढे ती विकत घेणाऱ्या कंपनीची नोंदणी पॅसिफिक महासागरातील वानुआटू या बेटांच्या देशात होती आणि तिचे कामकाज ऑस्ट्रेलियातून चाले. दावा कोणत्या देशात लावायचा, इथपासूनच प्रश्न होता. जून २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रोक्स्टरच्या खटल्यात एकमताने सांगितले, की लोकांना हक्कभंग करण्यास जो हेतुपुरस्सर प्रवृत्त करतो, तो त्या हक्कभंगाला जबाबदार ठरतो. कंपन्या जिंकल्या, पण तोवर माणसे पुढच्या व्यवस्थेकडे निघून गेली होती.

दुसरा उपाय कुलपाचा. गाण्याची फाइल अशा रीतीने बांधायची, की ती ठरावीक यंत्रांवरच वाजेल आणि तिची प्रत निघणार नाही. या उपायाची हकिकत काहीशी विनोदी आहे. सप्टेंबर २००० मध्ये उद्योगाने स्थापन केलेल्या एका मंडळाने आपले नवे ध्वनिचिन्ह पुसून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले. प्रिन्स्टन विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थोड्याच आठवड्यांत पुसून दाखवले. त्यांचा शोधनिबंध मात्र कायदेशीर कारवाईच्या धाकामुळे एप्रिल २००१ मध्ये मागे घ्यावा लागला आणि ऑगस्टमध्ये तो वाचला गेला. २००२ साली युरोपात विकल्या गेलेल्या काही कुलूपबंद सीडींचे रहस्य याहून साधे निघाले: सीडीच्या कडेचा भाग शाईच्या जाड पेनाने काळा केला, की कुलूप उघडे! पुढील वर्षी दुसऱ्या एका कुलपाबद्दल कळले, की सीडी संगणकात घालताना ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरली तर ते लागतच नाही.

२००५ साली घडलेला प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सोनी बीएमजी या कंपनीने आपल्या काही सीडींमध्ये एक आज्ञावली घातली होती. सीडी संगणकात घातली की ती आज्ञावली यंत्रणेच्या आत खोल जाऊन बसे आणि स्वतःला अशी लपवून घेई, की संगणकाच्या मालकाला तिचा पत्ताही लागू नये. मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाला ती स्वतःच्याच यंत्रात सापडली आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने ते जाहीर केले. या आज्ञावलीच्या आडोशाला इतर कोणतीही अपायकारक आज्ञावली लपू शकत होती आणि काही दिवसांतच तशा आज्ञावल्या फिरूही लागल्या. कंपनीला नोव्हेंबरमध्ये त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या आणि ग्राहकांशी तडजोड करावी लागली. यातील विसंगती पाहा. ज्याने तेच गाणे इंटरनेटवरून फुकट उतरवले, त्याला मोकळी फाइल मिळाली. ज्याने पैसे मोजून प्रामाणिकपणे सीडी घेतली, त्याचाच संगणक बिघडला.

कंपन्यांनी स्वतःची दुकानेही उघडून पाहिली होती. डिसेंबर २००१ मध्ये ‘प्रेसप्ले’ आणि ‘म्युझिकनेट’ या दोन वर्गणीच्या सेवा सुरू झाल्या. एका दुकानात काही कंपन्यांची गाणी, तर उरलेल्या कंपन्यांची दुसऱ्यात. वर्गणी थांबली की उतरवून घेतलेली गाणीही मुकी होत. आपल्याला आवडणारा गायक कोणत्या कंपनीचा आहे, हे कोणता श्रोता लक्षात ठेवतो? या सेवांचे व्हायचे तेच झाले.

मग उद्योगाने तिसरा आणि सर्वांत कठोर मार्ग धरला. ८ सप्टेंबर २००३ रोजी २६१ व्यक्तींवर एकाच दिवशी दावे दाखल करण्यात आले. गाण्यांची देवघेव करणाऱ्या प्रत्येक संगणकाचा इंटरनेटवर एक क्रमांक दिसतो. संघटनेचे तपासनीस तो टिपून घेत आणि तो क्रमांक कोणत्या ग्राहकाचा, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून न्यायालयामार्फत काढून घेत. परंतु या रीतीने सापडतो तो बिलावर नाव असलेला माणूस. कळफलकापाशी बसलेला माणूस नव्हे. पहिल्याच फेरीत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक शाळकरी मुलगी निघाली. तिच्या आईने दोन हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ६६ वर्षांच्या एका बाईंवरील दावा मागे घ्यावा लागला, कारण काझाची आज्ञावली त्यांच्या घरातील संगणकावर चालूच शकत नव्हती. पुढे एका दाव्यात तर प्रतिवादी म्हणून जिचे नाव घातले, ती वृद्धा आधीच निवर्तली असल्याचे आढळले.

या दाव्यांत बहुतेकांनी तडजोड केली. तिचे कारण समजण्यासाठी अमेरिकेच्या कायद्यातील एक तरतूद पाहिली पाहिजे. तेथे हक्कभंग झालेल्या प्रत्येक कृतीमागे किमान ७५० डॉलर आणि तो जाणूनबुजून केला असेल तर कमाल दीड लाख डॉलर इतकी भरपाई, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही, मागता येते. ही तरतूद व्यापारी नक्कलखोराला जरब बसावी, म्हणून योजलेली होती. ती घरगुती श्रोत्याला लावली की काय होते, हे मिनेसोटा राज्यातील एका महिलेच्या खटल्यात दिसले. तिच्यावर २४ गाण्यांचा आरोप होता. २००७ साली ज्यूरीने तिला २ लाख २२ हजार डॉलर भरपाई ठोठावली. फेरसुनावणीत, २००९ साली, हाच आकडा १९ लाख २० हजार झाला, म्हणजे एका गाण्याला ८० हजार डॉलर! खुद्द न्यायाधीशांना हा आकडा असह्य वाटून त्यांनी तो ५४ हजारांवर आणला. तिसऱ्या ज्यूरीने पुन्हा १५ लाख ठरवले. अखेर २०१२ साली अपील न्यायालयाने पहिला आकडा कायम केला. त्या सुमारास ही २४ गाणी इंटरनेटवरील अधिकृत दुकानात तीसेक डॉलरला मिळत होती. संबंधित महिलेने हक्कभंग केला, यात ज्यूरींना शंका नव्हती. प्रश्न होता तो अपराध आणि शिक्षा यांच्या प्रमाणाचा, आणि तो शेवटपर्यंत समाधानकारक रीतीने सुटला नाही. सुमारे ३५ हजार लोकांवर कारवाई केल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये उद्योगाने ही मोहीम थांबवत असल्याचे जाहीर केले. देवघेव थांबलेली नव्हती.

मग ती कशाने कमी झाली? याचे उत्तर शोधण्याआधी थोडे आपल्या देशाकडे वळू, कारण असाच प्रसंग भारतात वीस वर्षे आधी येऊन गेला होता. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि रस्तोरस्ती नकली कॅसेटची विक्री सुरू झाली. त्या वेळी भारतीय बाजारावर ‘एचएमव्ही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचे वर्चस्व होते आणि तिच्या ध्वनिमुद्रिका सामान्य माणसाला सहज परवडत नसत. १९८४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. परंतु नकली कॅसेटचा धंदा ओसरला तो मुख्यतः ‘टी-सीरीज’ आणि तिच्यासारख्या नव्या कंपन्यांनी अधिकृत कॅसेटची किंमत खाली आणली आणि ती पानाच्या ठेल्यापर्यंत पोहोचवली, तेव्हा. चार-दोन रुपयांच्या फरकासाठी खरखरणारी नक्कल घेण्यात मग कोणाला विशेष लाभ उरला नाही.

अमेरिकेत किंमत आणि सोय यांचा हा मेळ उद्योगाबाहेरच्या माणसाने घातला. ॲपल या संगणक कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी ‘आयट्यून्स’ हे संगीताचे दुकान उघडले. पाचही मोठ्या कंपन्यांची मिळून दोन लाख गाणी, प्रत्येक गाणे सुटे, किंमत ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. हीच गाणी दुसरीकडे फुकट मिळत असताना लोकांनी ती विकत घेतली, हे विशेष. फुकट फाइल कधी अर्धवट निघे, कधी भलत्याच गाण्याची, कधी विषाणू घेऊन येई. तासभर शोधण्यापेक्षा डॉलरभर मोजणे अनेकांना परवडले.

ॲपलच्या गाण्यांनाही कुलूप होते. कंपन्यांनी ती अटच घातली होती. त्या कुलपाची किल्ली ॲपलकडे होती आणि ती गाणी ॲपलच्या ‘आयपॉड’खेरीज दुसऱ्या खिशातल्या यंत्रावर वाजत नसत. परिणामी, ज्याने शंभर गाणी घेतली तो ॲपलला बांधला गेला, आणि किंमत ठरवण्याची सत्ता कंपन्यांच्या हातून ॲपलकडे गेली. चोरासाठी बसवलेल्या कुलपाने मालकालाच बाहेर ठेवले. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कुलपे काढावीत असे सुचवले. एप्रिलमध्ये ईएमआय कंपनीने ते मान्य केले आणि २००९ साली आयट्यून्समधील सर्वच गाणी कुलपाविना विकली जाऊ लागली. सात-आठ वर्षे ज्या कुलपासाठी एवढा खटाटोप केला, ते असे निमूटपणे बाजूला ठेवण्यात आले.

तरीही उत्पन्नाची घसरण चालूच राहिली. अमेरिकेतील उद्योगाची वार्षिक उलाढाल किरकोळ किमतींनुसार १९९९ साली सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४-१५च्या सुमारास ती सात अब्जांच्या आसपास उतरली. हे सारे देवघेवीमुळे झाले का? अर्थशास्त्रज्ञांत याबाबत एकमत नाही. काहींच्या अभ्यासात देवघेवीचा परिणाम नगण्य दिसला, तर पुष्कळांना तो मोठा आढळला. सबंध सीडीऐवजी सुटे गाणे मिळू लागले, हेही घसरणीचे एक कारण होते. नुकसान झाले, यात मात्र शंका नाही, आणि ते केवळ कंपन्यांच्या संचालकांचे नव्हते. ध्वनिमुद्रणगृहांतील कारागीर, लहान दुकानदार आणि नव्याने उमेदवारी करणारे गायक यांनाही त्याची झळ लागली.

पुढचे वळण स्वीडनमधून आले. फुकट फायलींचा पत्ता सांगणारे ‘पायरेट बे’ हे कुप्रसिद्ध संकेतस्थळ याच देशातले. तेथेच २००६ साली ‘स्पॉटिफाय’ ही कंपनी स्थापन झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिची सेवा सुरू झाली. गाणे विकायचेच नाही. हवे तेव्हा ऐकवायचे. जाहिराती ऐकायची तयारी असेल तर फुकट, नसेल तर मासिक वर्गणी. नॅप्स्टरच्या श्रोत्यांना जे हवे होते, तेच हे होते, फक्त परवानगीने. या वेळी मोठ्या कंपन्यांनी परवाने दिले आणि स्पॉटिफायच्या भांडवलात स्वतःचा हिस्साही घेतला. २०१६ पासून अमेरिकेतील उत्पन्न पुन्हा वाढू लागले. २०२३ साली ते सुमारे १७ अब्ज डॉलर झाले आणि त्यात अशा प्रवाही सेवांचा वाटा ८४ टक्क्यांच्या आसपास होता. महागाई हिशेबात धरली तर मात्र १९९९ची पातळी २०२३ मध्येही गाठलेली नव्हती.

या नव्या व्यवस्थेत श्रोत्याच्या घरी काहीच राहत नाही. वर्गणी थांबली, किंवा कंपनी आणि गायक यांच्यात बिनसले, तर कालपर्यंत ऐकलेले गाणे आज नाहीसे होऊ शकते. टेलर स्विफ्ट या लोकप्रिय गायिकेने मोबदल्याच्या वादातून नोव्हेंबर २०१४ मध्ये आपले ध्वनिसंग्रह स्पॉटिफायवरून काढून घेतले. ते जून २०१७ मध्ये परत आले. ‘प्रेसप्ले’ला लोक ज्यासाठी हसले होते तीच अट पुढे सर्वांनी स्वीकारली. या वेळी दुकानात सर्वांची गाणी होती, म्हणून ती कोणाला बोचली नाही.

आणि कलावंताचे काय? स्पॉटिफायच्या पद्धतीत वर्गणीचा आणि जाहिरातींचा पैसा एकत्र केला जातो आणि त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना, ज्याची गाणी जितक्या वेळा ऐकली गेली त्या प्रमाणात, वाटला जातो. तुम्ही महिनाभर एकाच लोकगायकाला ऐकले, तरी तुमची वर्गणी बहुतांशी सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्यांकडे जाते. शिवाय पैसे पोहोचतात ते ‘हक्कधारकाकडे’. आपण आरंभी पाहिले त्याप्रमाणे हक्कधारक म्हणजे पुष्कळदा कंपनी. तिच्याकडून कलावंताला किती मिळायचे, हे त्याच्या करारावर अवलंबून असते, आणि तो करार बहुधा त्याच्या पडत्या काळात झालेला असतो.

हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांनाही ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून वाटा मिळावा, असा आग्रह धरला होता. गायकाचे काम मानधन घेतले की संपते, असे मोहम्मद रफी यांचे मत होते, आणि या मतभेदापायी ही दोघे काही वर्षे एकत्र गायली नाहीत. भारतीय कायद्याने या मागणीची दखल घेतली ती २०१२ साली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू हिरिरीने मांडली आणि स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजते त्याखेरीज इतर वापरांतून, म्हणजे रेडिओ, मोबाइल, इंटरनेट अशा माध्यमांतून, जे स्वामित्वधन मिळेल, त्यात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राहील, असे तिने ठरवले. गायक-वादकांनाही व्यापारी वापरातील स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. गीतकाराने किंवा संगीतकाराने गरजेपोटी आपला वाटा सोडून देत असल्याचे करारात लिहून दिले, तरी कराराचा तेवढा भाग आता रद्दबातल ठरतो.